बंद पंपाची जागा आणि मे महिन्यातला बीडीएल रिपोर्ट

जुना पेट्रोल पंप बंद झाला, टाक्या उपसून भंगारात गेल्या, खड्ड्यात मुरूम टाकून वरून रोलर फिरवला की आपल्याकडे जागा मोकळी झाली असं धरून चालतात. लीज संपलेली असते, मालकाला जागा परत हवी असते, पंपवाल्यांना हात झटकायचे असतात, बिल्डर तर फाटकाबाहेर उभाच असतो, आणि या सगळ्यांना मिळून एकच कागद पाहिजे असतो, माती आणि पाणी स्वच्छ आहे असा. तो कागद आठवड्यात मिळेल का, असं मला फोनवर विचारतात. मी म्हणतो किमान एक पावसाळा जाऊ दे. मग समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मागतो.

मी भूगर्भशास्त्राचा माणूस, जमिनीखालचं पाणी आणि त्यात काय काय मिसळलंय ते बघणं हा माझा धंदा. सोलापूर वाढत गेलं तसे पूर्वी वेशीच्या बाहेर असलेले पंप आता भर वस्तीत आलेत, शेजारी अपार्टमेंट, मागे शाळा, आणि प्रत्येकाच्या दारात एक बोअर, कारण आपल्याकडे नळाला पाणी रोज येतच नाही, चार-पाच दिवसांनी उजनीचं पाणी येणार आणि मधल्या दिवसात धुणं-भांडी-अंघोळ सगळं बोअरवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर एका अण्णांची जागा. रस्ता सांगत नाही, सोलापूर एवढंसं आहे, लगेच ओळखतील. वडिलांच्या ओळखीतले, त्यामुळे मला अरेतुरे करतात. त्यांच्या जागेवर तीसेक वर्षं पंप होता, तो उठला, टाक्या गेल्या, आणि त्यांच्या हातात एक रिपोर्ट आला, दोन पानी, शिक्क्यासकट, पाण्याच्या सँपलमध्ये तेल 'बीडीएल'. अण्णा म्हणाले, "बीडीएल म्हणजे काही नाही असंच ना रे? मग आता कशाला उकरत बसायचं?"

बीडीएल म्हणजे डिटेक्शन लिमिटच्या खाली. म्हणजे लॅबच्या मशिनला जेवढं दिसू शकतं त्याच्या खाली. पण मशिनला किती दिसू शकतं, ते त्या रिपोर्टात कुठंच नव्हतं. आणि टेस्ट कुठली केली होती तर 'ऑइल अँड ग्रीस'. आता ही टेस्ट कशी चालते बघा, पाण्यात द्रावक घालून तेल त्यात ओढून घ्यायचं, मग ते द्रावक उडवून लावायचं आणि भांड्यात जे उरतं त्याचं वजन करायचं. खानावळीच्या सांडपाण्याला झकास टेस्ट आहे. पण पेट्रोल शोधायला? अहो, द्रावक उडवता उडवता पेट्रोलपण उडून जातं की! उरतं काय मग, शून्य. रिपोर्ट खोटा नव्हता, लॅबवाल्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं, सांगणाऱ्याने चुकीचं काम सांगितलं होतं.

पेट्रोलमध्ये शोधायचं असतं ते बीटेक्स, म्हणजे बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीन. यातलं बेंझीन सगळ्यात वाईट, कारण ते माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं झालेलं आहे आणि या चौघांत पाण्यात सगळ्यात जास्त तेच विरघळतं, त्यामुळे पाण्याबरोबर सगळ्यात पुढे तेच पळतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. हे किती कमी आहे ते कळावं म्हणून मी लोकांना एक हिशोब करून दाखवतो. भारत स्टेज ६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिली, वजनात पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. हे सगळं पाण्यात उतरलं तर त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला पावणेनऊ लाख लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर, तसे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टँकर. एका लिटरला! प्रत्यक्षात सगळं बेंझीन काही पाण्यात जात नाही, बरंच हवेत उडतं, काही जंतू खातात, पण अंदाज येतो.

आणि वासावर जाऊ नका. "पाण्याला वास तर नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. नुसत्या बेंझीनचा वास पाण्यात यायला लिटरला काही मिलिग्रॅम लागतं, म्हणजे मर्यादेच्या शेकडो पट. पेट्रोलमधल्या बाकीच्या घटकांचा वास आधी येतो हे खरं, पण वास नाही म्हणून काही नाही असं म्हणायला कुठलाच आधार नाही.

बरं हे जमिनीत जातं कसं? लोकांना वाटतं टाकी फुटली पाहिजे. टाकी फुटली तर उलट लगेच कळतं हो, डिपमध्ये, म्हणजे टाकीत काठी घालून रोज पातळी मोजतात त्यात, खड्डा दिसतो. माझ्या बघण्यात जास्त आलंय ते पाइपच्या जॉइंटमधून झिरपणं आणि टँकर डिकँट म्हणजे टाकीत रिकामा करताना फिल पॉइंटला, टाकी भरायच्या तोंडाशी, सांडणं. पाकणीच्या डेपोवरून टँकर आला, होज लावला, काढताना दोन-चार लिटर सांडलं, पाणी मारलं, झालं. आणि झिरपण्याचं तर असं आहे की रोज सकाळी डिप मारून स्टॉक लिहितात, त्यात थोडं व्हेरिएशन येणारच, उन्हाने पेट्रोल फुगतं, वाफ होऊन उडतं, तेवढं सगळे धरूनच चालतात. रोज दोन लिटर जात असेल तर ते या व्हेरिएशनमध्ये आरामात लपतं. आणि रोज दोन म्हणजे वर्षाला सातशे तीस. त्यामुळे मी जागेवर गेलो की आधी बोअरचं मशीन नाही मागवत, आधी जुनी स्टॉक रजिस्टरं मागतो, एमएस म्हणजे पेट्रोल आणि एचएसडी म्हणजे डिझेल, दोन्हींची वेगवेगळी, आणि टाक्या कुठे होत्या, पाइप कुठून कुठे गेले होते, व्हेंट, म्हणजे टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप, कुठे होता याचा नकाशा मागतो. नकाशा परवान्याबरोबर काढलेला असतोच, नागपूरच्या पेसोकडून, म्हणजे पंपांना परवाना देणाऱ्या केंद्राच्या खात्याकडून, मंजूर झालेला. टाक्या २००० सालाच्या आधीच्या असतील तर शिसंपण तपासायचं, कारण तोपर्यंत आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल मिळत होतं.

आता सोलापूरची जमीन. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला काळा पाषाण, कुठे मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड, मध्येच एखादा तांबडा थर, मग खाली परत कठीण. पुस्तकातली सगळी चित्रं वाळूची असतात, वाळूतून तेल छान खाली उतरतं, पाण्याच्या पातळीवर तरंगतं, पाण्याच्या वाहत्या दिशेने पिसाऱ्यासारखं पसरतं. आपल्याकडे तसलं काही होत नाही. टाकी बसवताना काळी माती आणि मुरूम खोदून खड्डा केलेला, त्यात टाकीभोवती वाळू भरलेली. म्हणजे चिकणमातीत बांधलेला एक हौदच झाला तो. पावसाळ्यात फोरकोर्टचं, म्हणजे गाड्या उभ्या राहतात त्या अंगणातलं, पाणी त्यात उतरतं, भरतं, वरती सांडलेलं तेल तरंगायला लागतं आणि हौद काठोकाठ आला की जिथे मुरमाला भेग असेल तिथून बाहेर. एकाच बाजूला. तीन बाजूंना बोअर मारून माती एकदम स्वच्छ आणि चौथ्या बाजूला, वीस फुटावर, नाक धरायची पाळी. काळी माती तर उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जातो, तेव्हा सांडलेलं थेट खाली पोचतं, आणि पाऊस पडला की फुगून तीच माती वरून बंद होते. वरून बघणाऱ्याला काय कळणार.

म्हणूनच मला मे महिना खटकला. अण्णांच्या रिपोर्टातलं सँपल मे महिन्यात घेतलं होतं, तेपण जागेवरच्याच जुन्या बोअरमधून, चारशे-साडेचारशे फूट खोल. मला यात दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही मोठे आहेत.

पहिला असा की पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्याच्या वरच्या थरात असतं. चारशे फुटावर मोटर टाकून उपसलेलं पाणी म्हणजे खालच्या भेगांमधलं पाणी, वरचं काही त्यात आलंच तरी इतकं पातळ होऊन येतं की दिसत नाही. निरीक्षणाची बोअर वेगळी मारायची असते, उथळ, आणि तिच्या पाइपची जाळी अशा खोलीवर ठेवायची की उन्हाळ्यातली पातळी आणि पावसाळ्यातली पातळी दोन्ही त्या जाळीच्या आत पडतील. जाळी पाण्याखाली बुडली तर वर तरंगणारं तेल बोअरमध्ये येणारच नाही, पाइपच्या बाहेरून बघत बसेल. अशा किमान तीन बोअर पाहिजेत, त्याशिवाय पाणी कुठल्या दिशेला चाललंय तेच कळत नाही, आणि आपल्याकडे शेजाऱ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की दिशापण बदलते.

दुसरा आक्षेप ऋतूचा. सोलापुरात पाऊस तसा कमीच, त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा. मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असतं, ऑक्टोबरमध्ये वर आलेलं, चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो. पातळी खाली जाते तेव्हा तिच्यावरचं तेलपण खाली खाली उतरत जातं आणि वाटेतल्या सगळ्या भेगांना चोपडून जातं. मग पाऊस पडतो, पाणी वर येतं, आणि चोपडलेला तो सगळा पट्टा पाण्यात बुडतो. बेंझीन पाण्यात उतरतं ते तेव्हा. मे महिन्यात तो पट्टा कोरडा, हवेत लटकलेला, तुम्ही खालचं पाणी काढून टेस्ट करताय आणि म्हणताय बीडीएल. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्या पावसात तर वर्षानुवर्षं कोरडे पडलेले थर भिजले असणार.

अण्णांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणतोस." हो. आणि त्यानंतर परत जानेवारी, परत मे. त्यांच्या पोराला हे आवडलं नाही, त्याचा प्लॅन महापालिकेत सबमिट व्हायचा होता.

बोअर मारायला डीटीएच मशीन बोलावलं, म्हणजे भोकात आत हॅमरने ठोकत जाणारं, तमिळनाडूची गाडी, आपल्याकडे बोअरवाले बहुतेक तिकडचेच. आता डीटीएचचा एक घोळ सांगतो जो कुणी सांगत नाही. हॅमर चालतो दाबाच्या हवेवर आणि त्या हवेत वंगणाचं तेल सोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही तेल शोधायला भोक पाडताय आणि पाडता पाडता स्वतःच तेल फवारताय! वर परत ती हवा मातीतले उडणारे घटक उडवून लावते. म्हणजे जे नाही ते दिसणार आणि जे आहे ते दिसणार नाही. उपाय असा की वरचा माती-मुरमाचा भाग हवेशिवाय, हाताच्या ऑगरने म्हणजे मातीच्या गिरमिटाने किंवा कोअर काढून घ्यायचा, सँपल त्यातूनच घ्यायचं, आणि खाली पाषाणात हॅमर लागणारच असेल तर त्यातल्या तेलाचीपण एक छोटी बाटली भरून लॅबला द्यायची, म्हणजे त्यांना ओळखता येतं की आलेखातला हा फुगवटा हॅमरचा आणि हा पंपाचा. मशिनवाला माझ्याकडे बघत होता, तेल घ्यायला आलेला गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा बघितला असणार. शेजारचा चहावाला येऊन विचारून गेला, "काय करलालाव साहेब, तेल लागलं काय सोलापूरला?" मी म्हटलं लागलंय, पण विकता येणार नाही.

मातीचा तुकडा निघाला की तो लगेच झिप पिशवीत घालून थोडा वेळ ठेवायचा आणि पिशवीतल्या हवेत पीआयडीची, म्हणजे हवेतली पेट्रोलसारखी वाफ मोजणाऱ्या यंत्राची, नळी घालायची, आकडा उड्या मारतो की नाही ते बघायचं. हे नुसतं चाचपणं आहे, जिथे आकडा जास्त तिथलं सँपल लॅबला. लॅबला जाणारं सँपल मात्र पिशवीत नाही, तिथल्या तिथे मिथेनॉलच्या बाटलीत. पाण्याला चाळीस मिलीच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरून, उलटी केली तर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण बुडबुड्यात बेंझीन जाऊन बसतं. पुस्तक सांगतं की बाटलीत आधी थोडं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घाला, म्हणजे जंतू मरतात आणि सँपल चौदा दिवस टिकतं. पण आपलं पाणी एवढं क्षाराचं, मातीत चुनखडीचे खडे, अ‍ॅसिड पडलं की सोड्यासारखं फसफसतं आणि बुडबुड्यांबरोबर सगळा माल वर! अशा वेळी अ‍ॅसिड घालायचंच नाही, बर्फात ठेवायचं आणि सात दिवसांच्या आत टेस्ट करून घ्यायची. आपल्या उन्हात गाडीच्या डिकीत थर्माकोलचा डबा ठेवून जेवायला गेलात तर सँपल संपलं समजा. मी तर बर्फाचा डबा देऊन माणूस सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पाठवतो, दुपारच्या आत लॅबच्या फ्रीजमध्ये. आणि एक बाटली शुद्ध पाण्याची, जी नुसती सोबत जाऊन सोबत येते, तिच्यात काही सापडलं तर समजायचं वाटेत काहीतरी गडबड झाली. या शुद्ध पाण्याच्या बाटलीचे पैसे का द्यायचे यावर मात्र प्रत्येक वेळी भांडण होतं.

आकडे आले की मग प्रश्न, किती म्हणजे जास्त? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. पण मातीचं काय? इथे प्रत्यक्षात बहुतेक कन्सल्टंट डच यादी, म्हणजे नेदरलँड्सची माती-पाण्यातल्या मर्यादांची यादी, उघडतात. त्यात मातीतल्या खनिज तेलाचा हस्तक्षेपाचा आकडा किलोला ५००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या वर गेलं तर काहीतरी करायलाच पाहिजे. रिपोर्टात ४००० आलं की खाली लिहून मोकळे, मर्यादेत आहे. थांबा की राव! तो ५००० चा आकडा ज्या प्रमाण मातीसाठी आहे तिच्यात सेंद्रिय पदार्थ १० टक्के धरलेला आहे. सेंद्रिय पदार्थ तेलाला धरून ठेवतो, म्हणून जास्त चालतं. तुमच्या मातीत कमी असेल तर आकडा त्या प्रमाणात कमी करायचा, आणि २ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर २ धरायचे. आपली काळी माती काळी दिसते म्हणून तिच्यात सेंद्रिय भरपूर असं अजिबात नाही, बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आसपासच. म्हणजे सोलापूरला ५००० नाही, १०००. त्याच यादीतलं बेंझीन १.१ वरून ०.२२ वर येतं. हा एक गुणाकार न केल्यामुळे किती जागा पास झाल्या असतील देव जाणे.

कायद्याचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर, मग जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना. पण गल्लीतल्या बंद पंपाचं नाव अशा यादीत कुणी उठून घालेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा मालकानेच शहाणं व्हायला पाहिजे, लीजच्या करारात जागा परत करताना माती-पाण्याचा तपास कोण करणार, पैसे कोण देणार, किती ऋतूंचा, हे आधीच लिहून घ्यायला पाहिजे.

हे जगभरात झालेलं आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकापासून भूमिगत टाक्यांच्या गळतीच्या पाच लाखांवर केसेस नोंदल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक बंदही केल्या. एवढ्या सगळ्या जागा धुऊनपुसून लख्ख केल्या का? नाही, शक्यच नव्हतं. त्यांनी धोका बघून केसेस बंद केल्या, म्हणजे तेल कुठे आहे, कुठल्या वाटेने जाईल आणि वाटेत कोण आहे. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कमी धोक्याच्या केसेस बंद करायचं धोरणच काढलं, त्यातला एक मार्ग असा की तरंगतं तेल नाही, पाण्यातला दूषित पट्टा शंभर फुटांपेक्षा कमी लांब आहे, आणि त्याच्या कडेपासून अडीचशे फुटांत कुणाची विहीर नाही, तर बंद करा. मला हा विचार पटतो. पण तोच आकडा उचलून सोलापुरात लावणारे भेटतात तेव्हा डोकं फिरतं. अडीचशे फुटांत विहीर नाही असा प्लॉट सोलापुरात दाखवा मला! अण्णांच्या कंपाउंडपासून तेवढ्या अंतरात मी मोजत गेलो तर प्रत्येक बिल्डिंगला बोअर, काहींना दोन. आणि प्रत्येक बोअरला वरचे वीस-तीस फूटच केसिंग, खाली उघडं भोक. वरच्या मुरमातलं पाणी त्या भोकातून सरळ चारशे फूट खाली. निसर्गाने मध्ये घातलेला कठीण थर आपण ठिकठिकाणी भोकं पाडून निकामी केलाय.

"पण बोअरचं पाणी पीत नाही कुणी, वापराचं आहे" असं लगेच म्हणतात. हा युक्तिवाद अर्धाच आहे. बेंझीन गरम पाण्यातून वाफेत जातं. बंद बाथरूममध्ये, गिझरच्या पाण्याने, दार लावून, ते श्वासातून आत जातं. दुसरी वाट तळघराची. मातीतल्या भेगांमधून वाफ वर येते आणि तळघरातल्या दुकानात साठते. अण्णांच्या पोराच्या प्लॅनमध्ये नेमकं तळघर होतं. चेन्नईच्या तोंडियारपेटला २०१३ मध्ये जमिनीखालची पाइपलाइन गळून लोकांच्या बोअरमध्ये तेल आलं होतं, दाट वस्तीत, तो फार मोठा प्रकार, आपल्या पंपाशी त्याची तुलना नाही, पण वाट तीच.

उलट बाजूचापण अतिरेक बघितलाय. एका जागी डिझेलचा काळा डाग दिसला म्हणून मालकाने घाबरून पोकलेन लावला आणि पार पाषाणापर्यंत सगळं उकरून काढलं, ढीगच्या ढीग माती, आणि ती टाकणार कुठे? तेलाची माती कुणाच्याही शेतात किंवा नाल्यात नाही टाकता येत. डिझेल दिसायला भयंकर, पण ते पेट्रोलपेक्षा जड, पाण्यात फार कमी विरघळतं, बऱ्याचदा जिथे सांडलं तिथेच बसून राहतं. पेट्रोलचा डाग दिसत नाही, उडून जातं, आणि जे उरतं ते पाण्याबरोबर चालू लागतं. तो काळा डाग वरचे काही फूट काढून, पसरून, खत-पाणी घालून, उलथापालथ करत ठेवला असता तर जंतूंनीच बराचसा खाल्ला असता, आपल्या गरम हवेत हे काम चांगलं होतं. आणि भेगांमध्ये गेलेलं पेट्रोल पोकलेनने निघतच नाही, पाषाण कुठवर फोडणार?

जंतूंवर माझा विश्वास आहे, पण पुरावा मागूनच. ते तेल खातात तेव्हा आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट, शेवटी मिथेन तयार होतो. त्यामुळे पंपाच्या वरच्या अंगाच्या बोअरमध्ये नायट्रेट भरपूर आहे आणि खालच्या अंगाला अचानक नाहीसं झालंय, विरघळलेलं लोह वाढलंय, असं दिसलं तर समजायचं खाली जेवण चालू आहे. एरवी नायट्रेट वाईट म्हणून बोंब मारतो आपण, इथे ते कामाला येतं. हे आणि बेंझीनचा आकडा, प्रत्येक फेरीला, त्याच बोअरमधून, त्याच पद्धतीने. किमान चार फेऱ्या झाल्या की मान-केंडलची टेस्ट लावता येते, आकडे खरंच उतरतायत का नुसते वरखाली होतायत ते कळतं. पट्टा थांबलेला किंवा आखडत चाललेला, तरंगतं तेल नाही, वाटेतल्या बोअर स्वच्छ, वाफेची वाट बंद, एवढं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा दिसलं तर मी क्लोजरवर, म्हणजे जागा मोकळी झाल्याच्या कागदावर, सही करतो, मातीत थोडं तेल शिल्लक असलं तरी करतो. नाहीतर नाही.

यात नवीन भर इथेनॉलची. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथेच बनतं आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळून पंपावर येतं. इथेनॉल पाण्याला ओढतं, आणि सांडलं तर जंतू आधी त्याच्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन तिथेच संपतो, बेंझीन तसंच पुढे सरकतं. म्हणजे दहा-वीस वर्षांनी बंद होणाऱ्या पंपांचे पट्टे आजच्यापेक्षा लांब निघू शकतात. हे शेतकऱ्याच्या विरोधात बोलतोय असं कुणी धरू नका, मी फक्त जमिनीखालचं सांगतोय.

अण्णांच्या जागेचं झालं असं की ऑक्टोबरच्या फेरीत एका बोअरमध्ये बेंझीन निघालं, टाकीच्या खड्ड्याच्या त्या चौथ्या बाजूच्या. आकडा फार मोठा नव्हता, पण मर्यादेच्या वर. खड्ड्यातली जुनी वाळू काढली, तिथलं साचलेलं पाणी टँकरने उपसून रीतसर प्रक्रियेला पाठवलं, म्हणजे हौदच रिकामा केला. आर्किटेक्टने तळघर काढून स्टिल्ट पार्किंग केलं, खालून हवा खेळती. त्यानंतरच्या फेऱ्यांत आकडा उतरत गेला, पुढच्या पावसाळ्यानंतरही वर आला नाही, नायट्रेट-लोहाची गोष्टही जुळली. शेजारच्या दोन बिल्डिंगच्या बोअर मी आग्रहाने तपासल्या, स्वच्छ निघाल्या. मग दिली सही.

एक काम मात्र लोक हमखास विसरतात. सही झाली की निरीक्षणाच्या बोअर बुजवाव्या लागतात, सिमेंट आणि बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकणमाती, यांची लापशी पाइपने अगदी तळापासून वर भरत आणायची, नुसती वरून माती लोटायची नाही. उघडी राहिली तर वरचं काहीही खाली न्यायला तीच वाट. अण्णा उभे राहून बघत होते, म्हणाले, "अरे यातली एक ठेव की, पाणी लागलंय एवढं, मोटर टाकू." मी नाही म्हटलं, आणि लापशीचं पहिलं पोतं त्याच बोअरला फोडायला सांगितलं.